सहा हजार टक्क्यांचे मास्तर

मास्तरांची माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्याशी बोललेच नाहीत. माझ्या कॉलरशी बोलले. आमच्या गावात, खत-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर, मी नवाकोरा कम्प्युटर क्लास उघडला होता. उद्घाटनाच्या दिवशी पांढऱ्या पायजम्यातला एक वाळका म्हातारा जिना चढून वर आला, गळ्यातल्या दोऱ्याला लटकणारं पितळी भिंग त्याने डोळ्याला लावलं आणि सरळ माझी कॉलर धरली. मला वाटलं, हा एक तर वर्गणी मागणार नाहीतर थोबाडीत देणार.

"हातमागाचं म्हणून घेतलं न बे?" त्यांनी विचारलं.

"हो जी. प्रदर्शनातून."

"पावरलूम आहे. गंडवलं तुले."

एवढं बोलून त्यांनी दोन पेढे उचलले, एक तोंडात टाकला, दुसरा खिशात घातला आणि उतरून गेले. पाहुण्यांत, प्रदर्शनात मला तो सदरा विकणारा दुकानदारही बसला होता. तो त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

गावातली माणसं त्यांना मास्तर म्हणत, पण त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. विणकरांच्या सोसायटीसाठी ते काठाचे नमुने काढायचे. आमच्याकडच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीला करवती काठ असतो. काठाचा रंग आणि अंगाचा रंग जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दात, आणि प्रत्येक दातात दोन रंगांचं सूत एकमेकांत अडकवलेलं. तीस वर्षं मास्तर हे दात आलेखाच्या कागदावर काढत आले होते, एक चौकोन म्हणजे एक सूत. विणकराचा एक दात चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर त्याच्या दारात. एकदा म्हणे कोणाची तरी लग्नातली साडी त्यांनी मांडवातच भिंग लावून तपासली, आणि नवरी मंगलाष्टकं संपेपर्यंत पदर वर करून ताटकळत उभी होती. मी त्या लग्नात नव्हतो, पण ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की आता मी होतोच.

पुढे मास्तरांनी स्वतःसाठी एक जुना कम्प्युटर आणला आणि तो शिकायला ते माझ्याकडे येऊ लागले. चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये मी त्यांना एक रेघ ओढून दाखवली. त्यांनी ती मोठी केली. आणखी मोठी केली. सहा हजार टक्के मोठी केली. रेघ जशीच्या तशी, धारदार. म्हातारा पडद्यापुढून हलेना. किती वेळ बसले म्हणून सांगू? चहाचा कप ठेवला होता, त्यात मुंगी पडली, पोहत काठाला लागली, संसाराला लागली, तरी मास्तर तसेच.

"हे फुटत काहून नाही बे?"

मी समजावलं. कम्प्युटरात चित्र दोन तऱ्हेने राहतं. एकात चित्र म्हणजे हुकूम असतो: इथून निघ, तिथवर जा, एवढी जाड राहा. त्याला व्हेक्टर म्हणतात. कितीही मोठं करा, हुकूम तोच, म्हणून रेघ तीच. दुसऱ्यात नुसता चौकोनांचा ढीग असतो, फोटोसारखा. तो बिटमॅप. मोठा केला की चौकोन उघडे पडतात आणि धार जाते.

मी हे सांगितलं आणि गावाचं वाटोळं केलं. त्या दिवसापासून मास्तरांना दुनियेत दोनच जाती उरल्या. लग्नाची पत्रिका आली की ते भिंग काढायचे, आणि गणपतीची सोंड चौकोनी झालेली दिसली की पत्रिका परत पाठवायचे: "देव फुटलाय. दुरुस्त करून पाठवा, मग येतो." भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत जिल्ह्याचा नवा नकाशा टांगला होता. गोंदिया वेगळं झाल्यावर केलेला, म्हणजे मूळ नकाशाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. मास्तर तिथल्या बाबूशी भांडले. "ही सीमारेषा एवढी जाड आहे का दोन-चार गावं हिच्या खालीच दबून गेली. तिथची माणसं मतदान करायले कुठं जातील जी?" बाबूने त्यांना लेखी अर्ज द्यायला सांगितलं. मास्तरांनी दिला. सोबत नकाशा जोडला, स्वतः काढलेला. ऐकतो की तो अजून विचाराधीन आहे.

पण त्यांचं खरं वैर होतं ते सोसायटीच्या अध्यक्षांशी. अध्यक्ष गृहस्थ भला होता. आयुष्यात मागावर बसला नव्हता, पण विणकरांच्या कल्याणासाठी त्याने ठिकठिकाणी स्वतःचे फोटो लावले होते. त्याच्या वाढदिवसाला चौकात दोन मजली फ्लेक्स लागला, तो पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला. मास्तर सायकल लावून खाली उभे राहिले आणि मोठ्याने मोजू लागले. "एका डोळ्याचे नऊ चौकोन. नाकाचे चार. मिशीचा तर एकच आहे बाप्पा!" बघता बघता पन्नास माणूस जमलं. पन्नास म्हणजे, बारा-पंधरा असतील. अध्यक्षांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी फक्त सोसायटीच्या पुढच्या तीन सभांना मास्तरांना बोलावलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

गावात तीन धोट्यांचा, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या तीन नळ्यांचा, खरा करवती काठ विणणारा माग एकच उरला होता, शेवंताबाईंचा. त्या मागाला माणसं दोन लागतात. एकाचे हात दोन्ही काठांपर्यंत पोचत नाहीत. एक जण मधला आणि जवळचा धोटा फेकतो, दुसरा पलीकडच्या काठाचा. शेवंताबाई मागाच्या खड्ड्यात बसायच्या आणि पलीकडे त्यांचा मुलगा. पण त्या मुलाच्या साळ्याने नागपूरला एका मोठ्या इमारतीत त्याच्यासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती. काम नसेल तर तो जाणार. तो गेला की माग बंद, आणि माग बंद म्हणजे मास्तरांचे तीस वर्षांचे सगळे दात कागदावरचेच राहणार. मास्तर हे कोणाजवळ बोलत नव्हते. फक्त रोज सकाळी शेवंताबाईंच्या दारावरून सायकल न्यायचे आणि धोट्याचा आवाज येतो का ते ऐकायचे. शेवंताबाईंचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आणि माझा क्लास बरोबर उलट दिशेला, तरी "रस्त्यातच पडते" म्हणायचे.

अशात मुंबईहून एक खरेदी समिती भंडाऱ्याला येणार असल्याचं कळलं. खऱ्या हातमागाच्या साड्यांची मोठी मागणी नोंदवायला. शेवंताबाई साडी घेऊनच निघाल्या होत्या. पण नियमात लिहिलं होतं, सादरीकरण. साडी आणायची नाही. साडी हातात दिली तर साहेब लोकांकडून पक्षपात होतो; भिंतीवर उजेड पाडून दाखवली की न्याय होतो. आणि दुसरा नियम असा की काठाची गुंफण मोठी करून दाखवावी, म्हणजे छापील नक्कल आणि खरी वीण ओळखू येईल.

"हे तर आपल्या मनासारखं झालं!" मास्तर म्हणाले. त्यांनी आठ दिवस बसून करवतीचा एक दात काढला, सूत न् सूत, कोणतं कोणात अडकलं ते दिसेल असा. सहा हजार टक्क्यांवरही त्या दाताला चरा नाही. मग त्याच्याभोवती अक्षरं, बोधचिन्ह वगैरे मांडून मी ते पान स्लाइडच्या प्रोग्राममध्ये नेलं, भिंतीवर पाडलं, मोठं केलं. आणि दात फुटला. एकदम चौकोन चौकोन, वर धुकं, जसा काही दाताला बुरा लागला.

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या नातवाला वैनगंगेत सोडून आलो.

गावभर बोभाटा झाला. ज्याने त्याने उपाय सांगितला. कोणी म्हणालं व्हायरस आहे, कोणी म्हणालं वायर बदला, कोणी म्हणालं कारध्याच्या पुलावरून नेताना लॅपटॉपला दणका बसला असेल. खतवाल्याने खालून विचारलं, फवारणी करू का? अध्यक्षांनी निरोप धाडला की प्रोजेक्टर मोठा आणा. मी स्वतः कम्प्युटर अठ्ठावीस वेळा बंद करून चालू केला, कारण आमच्या धंद्यात शिक्षण एवढंच असतं.

मास्तर मात्र विणकरासारखे बसले. मागावर धागा तुटला तर विणकर उभ्या धाग्यांचा सगळा ताणा उपटत नाही. बोट फिरवत एकेक धागा चाचपतो. मास्तरांनी तेच केलं. चित्राच्या प्रोग्राममध्ये पानावरचं एक काढायचं, उरलेलं परत स्लाइडमध्ये नेऊन भिंतीवर मोठं करायचं, वहीत टिपायचं. आधी अक्षरं काढली. फुटलाच. रंग काढले. फुटला. सोसायटीचं बोधचिन्ह काढलं. फुटला. खालची मोराची वेलबुट्टी काढली, फुटला. असे दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी स्लाइडवर दोनच गोष्टी उरल्या: करवतीचा दात, आणि त्याच्यामागे अध्यक्षांचा चेहरा.

हो. चेहरा होता. अध्यक्षांची तशी अटच होती. प्रत्येक स्लाइडवर, मागे, फिकट. "मी विणकरांच्या पाठीशी उभा आहे असं दिसलं पाहिजे," ते म्हणाले होते, आणि मी तो चेहरा अर्धा पारदर्शक करून दाताखाली घातला होता. आणि खरं सांगायचं तर, मला पहिल्याच संध्याकाळी संशय आला होता. पण माझा क्लास ज्या माडीवर होता ती माडी अध्यक्षांच्या साळ्याची. म्हणून मी वायर बदलत बसलो.

मास्तरांनी चेहरा काढला. दात भिंतीवर पाडला. सहा हजार टक्के.

सूत न् सूत दिसलं. जसं काही आताच कोणी विणलं.

चेहरा परत ठेवला. फुटला. काढला. धार आली.

"समजलं बे?" मास्तर हळूच म्हणाले. "हा आरपार चेहरा त्या दुसऱ्या प्रोग्रामले उचलता येत नाही. आरपार दाखवावं कसं, त्याले समजत नाही. मग तो काय करते, चेहरा अन् त्याले जे जे चिकटलं त्या साऱ्याचा मिळून एक फोटो काढून टाकते. माह्या दाताचं काही चुकलं नाही. त्याची सोबत चुकली."

मला वाटलं प्रश्न सुटला. मास्तर म्हणाले, आता तर सुरू झाला.

आम्ही अध्यक्षांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसून पोहे खात होते. मी फार नम्रपणे पारदर्शकतेचं तंत्र समजावलं. ते सगळं ऐकून अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे माझा फोटो काढून टाकून राहिले तुम्ही?"

"पहिल्या पानावर लावू न साहेब, पूर्ण पान," मी म्हणालो. "तिथं काही फुटत नाही."

"अन् बाकीच्या पानांवर विणकर पोरका?"

"चेहरा आरपार नका ठेवू," मास्तर म्हणाले, "पक्का ठेवा. मग फुटत नाही."

"पण मग माझ्या पक्क्या चेहऱ्यावर काठ दिसणारच नाही."

"हाव. तुम्ही आरपार दिसता हाच तर लफडा आहे, साहेब."

झोपाळा थांबला. अध्यक्षांनी पोह्यातली मिरची बाजूला काढली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "फोटो राहील. सगळ्या पानांवर. माडीचं कसं काय चाललं तुझं?"

आम्ही बाहेर आलो. सायकलवर टांग टाकताना मास्तरांनी माझ्या हातात दोन पेन ड्राइव्ह ठेवले. एक लाल, त्यात चेहरा. एक निळा, त्यात नुसता दात. "लॅपटॉप तुह्या हातात आहे," ते म्हणाले. "तुले जे वाटन ते लाव. मी काही म्हणत नाही." मास्तर काही म्हणत नाहीत, ही मी त्यांच्या तोंडून ऐकलेली सगळ्यात भयंकर धमकी.

भंडाऱ्याच्या त्या सभागृहात समितीच्या मधोमध एक मॅडम बसल्या होत्या. पातळ ओठ, जाड चष्मा. अध्यक्ष पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीत. मास्तर भिंतीशी. शेवंताबाई शेवटच्या रांगेत, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा, पायाशी नागपूरची बॅग भरून तयार. इथून माग नाहीतर स्टँड, असं त्याने आईला सांगितलं होतं.

मी इथे लिहू शकलो असतो की मी छाती काढून निळा लावला. तुम्हाला काय कळणार होतं! पण मी लाल लावला.

दात भिंतीवर आला. मागे अध्यक्ष मंद हसत होते. मॅडम म्हणाल्या, "मोठं करा." मी केलं. दात विरघळला, अध्यक्षांच्या गालावर चौकोनांची खरूज आली.

"वीण कुठे आहे यात?" मॅडमनी विचारलं. "कडा पसरल्या आहेत. हे छापील कापडाचं चित्र वाटतंय. पुढची सोसायटी कोणती?"

मागे बॅगची चेन ओढल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. मुलगा उठत होता. शेवंताबाई माझ्याकडे पाहत होत्या, राग नाही, काही नाही. जसं एखादं दुकान बंद होताना पाहतात तसं.

"मॅडम, एक मिनिट," माझ्या तोंडून निघालं. "फाइल चुकली."

निळा मी घाईत आधी उलटा घुसवला, मग सरळ. दात आला. मागे पांढरं.

"मोठं करा."

केलं.

"अजून."

केलं. दात दाराएवढा झाला. लाल सूत पांढऱ्याला गळामिठी घालून परत फिरलेलं, एकेक पीळ मोजून घ्यावा. "अजून," मॅडम म्हणाल्या, आणि उठून भिंतीशी गेल्या आणि त्या गुंफणीवरून बोट फिरवलं. त्यांच्या चष्म्यावर दाताची सावली पडली. "हे यंत्र करत नाही," त्या म्हणाल्या. "कोण विणतं हे?"

शेवटच्या रांगेत शेवंताबाई उभ्या राहिल्या. "आमी, जी. दोघं मायलेकं."

मागणी मंजूर झाली. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी उभं राहून सांगितलं की हे सादरीकरण त्यांच्या मार्गदर्शनाखाली, मुद्दाम साधं ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: मॅडम, अध्यक्ष, आणि अध्यक्षांच्या खांद्यामागे अर्धा कान, तो मास्तरांचा. आठवड्यात माडी खाली करायची नोटीस मला आली आणि सोसायटीच्या यादीतून मास्तरांचं नाव गेलं, शिस्तभंग म्हणून. मास्तरांनी नोटीस भिंगाखाली धरून पाहिली आणि फक्त शिक्का कसा फुटलाय ते दाखवलं.

मंजूर होणं आणि मागणीचा कागद हातात येणं यांच्यामध्ये सरकार असतं. सभागृहात मंजूर झालेलं ते पत्र धानाची रोवणी झाली तरी आलं नाही, धान कापून झाला तरी आलं नाही. शेवंताबाईंच्या मुलाने वाट पाहिली, खोटं कशाला सांगू, बिचाऱ्याने खूप पाहिली. मग एक दिवस तो बॅग घेऊन गेला. तो गेल्यानंतर बरोबर तेवढ्या दिवसांनी पत्र आलं जेवढ्या दिवसांत त्याने नवीन नोकरीतला पगार घरी पाठवायला सुरुवात केली आणि तो परत येणार नाही हे पक्कं झालं. पत्रात साड्या पोचवायची मुदतही होती.

मी तेव्हा बसस्टँडजवळच्या टपरीएवढ्या जागेत क्लास हलवला होता. मास्तर येईनासे झाले. चार दिवस झाले, आठ झाले. मला वाटलं म्हातारा आजारी पडला. दुपारी मी त्यांच्या घराकडे निघालो, तर गल्लीतच धोट्याचा आवाज आला.

शेवंताबाई खड्ड्यात बसल्या होत्या. पलीकडच्या काठाला, मुलाच्या जागेवर, मास्तर. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, कपाळावर घाम. तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांचे दात तपासले, त्यांनी कधी धोटा हातात धरला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तो उलटा धरला होता त्यांनी.

"सरळ धरा, मास्तर. अन् मी म्हणन तवाच फेका."

"हाव."

"आत्ता."

धोटा गेला, ताण्यात अडकला, निघाला. शेवंताबाईंनी फणी ठोकली, काठाकडे वाकून पाहिलं.

"उसवा."

"काहून?"

"एक सूत सुटलं."

मास्तरांनी वाकून पाहिलं, पाठ धरून सरळ झाले आणि माझ्याकडे एकदा चोरून बघून म्हणाले, "शेवंताबाई, एकच तर सूत आहे. कोणाले दिसते?"

"मले दिसते," शेवंताबाई म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून थांबल्या.

मास्तर खाली वाकले आणि उसवू लागले.